उत्तर आधीच पाहिले तर बिघडले काय?



गेल्या काही महिन्यांत धर्मशिक्षणाच्या वर्गातून, युवकांच्या बैठकीतून आणि एकदा तर मिस्सेनंतरच्या चहाच्या वेळी आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. मोबाइलवर गुप्त शब्द ओळखण्याचा खेळ असतो. दिवसाला एकच शब्द. तो ठरावीक प्रयत्नांत शोधायचा. काही जण उत्तर आधीच कुठेतरी पाहून घेतात आणि मग 'दुसऱ्याच प्रयत्नात सुटले' असे सगळ्यांना कळवतात. प्रश्न असा, की यात बिघडले काय? पैसा नाही, पैज नाही, कुणाच्या ताटातला घास आपण काढून घेत नाही. मग याला लबाडी का म्हणायचे?

मोठ्या माणसांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला. आम्हाला तो तसा नेता येईना. चोरी, खून, खोटी साक्ष यांत काय वाईट आहे हे कुणालाही सांगता येते, कारण तिथे नुकसान डोळ्यांना दिसते. पण जिथे नुकसान कुणाचेच दिसत नाही, तिथे खरेपणाची गरज का असावी, हे सांगणे कठीण आहे. म्हणून आज या छोट्या खेळाच्या निमित्ताने आपण थोडा विचार करू.

खेळ आहे तरी काय?

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2021 साली जॉश वॉर्डल नावाच्या संगणक तंत्रज्ञाने आपली जोडीदार पलक शाह हिला शब्दखेळ आवडतात म्हणून 'वर्डल' हा इंग्रजी खेळ तयार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो सर्वांसाठी खुला केला. पाच अक्षरांचा गुप्त शब्द आणि सहा प्रयत्न. तुमच्या शब्दातले अक्षर योग्य जागी असेल तर चौकट हिरवी होते, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळी, आणि अक्षर मुळातच नसेल तर करडी. पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे बारा हजार, पण त्यांतले कितीतरी कुणाला ठाऊकच नसतात. पलक शाह यांनी ती यादी चाळून ओळखीचे असे सुमारे अडीच हजार शब्द निवडले. जानेवारी 2022 संपता संपता 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने तो खेळ विकतही घेतला.

मराठीत असा खेळ कागदावरही छान खेळता येतो. मात्र आपल्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी चिकटलेली असते, म्हणून नियम थोडा वाढवावा लागतो. व्यंजन बरोबर पण मात्रा वेगळी असेल तर तेही सांगायचे. समजा, समोरच्याने तीन अक्षरी शब्द मनात धरला आहे. आपण म्हणालो 'कविता'. तो म्हणाला, मधले व्यंजन बरोबर, मात्रा नाही; बाकी काही नाही. आपण म्हणालो 'नवरा'. मधले अक्षर पूर्ण बरोबर, बाकी चूक. मग 'पावली'. आता दुसरे आणि तिसरे दोन्ही बरोबर, पहिले तेवढे चुकले. चौथ्या खेपेला 'सावली' म्हटले आणि कोडे सुटले. पाहा, तीन वेळा आपण चुकलो आणि त्या तीन चुकांनीच आपल्याला उत्तरापर्यंत नेले. या खेळातले मर्म इथेच आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

हा खेळ नवा नाही. नवा आहे तो मोबाइल. आपल्याकडच्या प्राचीन 64 कलांच्या यादीत प्रहेलिका म्हणजे कोडी घालणे आहे, अक्षरमुष्टिका आहे, आणि म्लेच्छितविकल्प म्हणजे सांकेतिक बोलणे-लिहिणेही आहे. मुली अंगणात 'च'ची भाषा बोलतात, तीही त्याच कुळातली. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी ठेवायचे आणि त्याच्या जागी 'च' लावायचा. 'कमल'चे झाले 'चमलक'. आणि ज्यांना वाटते की पवित्र शास्त्रात असला खेळ कुठला, त्यांनी यिर्मया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडावा. 25व्या आणि 51व्या अध्यायात 'शेशख' नावाच्या राज्याचा उल्लेख येतो. नकाशावर हे राज्य सापडत नाही. हिब्रू वर्णमाला उलटी लावायची, म्हणजे पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरे. त्या रीतीने 'ब' चा 'श' होतो, 'ल' चा 'ख' होतो आणि 'बाबेल' चे 'शेशख' होते. या रीतीला 'अतबाश' म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या चर्मपत्रावरही वाचणाऱ्यासाठी एक कोडे ठेवलेले होते.

खेळण्यात वेळ वाया जातो का?

मुख्य प्रश्नाआधी एक उपप्रश्न उरकून घेऊ, कारण आईवडिलांची तक्रार हीच असते. 'नुसते शब्द जुळवत बसतो. त्यातून मिळते काय?'

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला होता. आपल्या महाग्रंथात त्यांनी खेळावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तिथे ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काहींना धक्का बसला. योहानाने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. एक झाला, दोन झाले, अनेक झाले. मग विचारले, 'असेच न थांबता करत राहिलास तर?' तो म्हणाला, 'धनुष्य मोडेल.' योहान म्हणाला, माणसाच्या मनाचेही तसेच आहे. अक्वायनस पुढे म्हणतात, की खेळाचा अतिरेक जसा दोष, तसा खेळाचा पूर्ण अभावही दोषच. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याचा आनंदही मोडतो, तो सद्गुणी नव्हे.

तेव्हा शेतावरून, कारखान्यातून, दुकानातून थकून आलेल्या माणसाने दहा मिनिटे शब्द जुळवला तर ती चैन नव्हे. आपल्या भागातल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईहून गावी येताना पोलादपूर मागे पडले आणि कशेडी घाटात वाहनांची रांग लागली, की एसटीत भेंड्या सुरू व्हायच्या. गाण्याच्या संपल्या की गावांच्या नावांच्या, त्या संपल्या की भाज्यांच्या. 2023 साली कशेडीचा बोगदा गणपतीच्या दिवसांत लहान वाहनांसाठी खुला झाला आणि ज्या चढाला अर्धा-पाऊण तास लागायचा तो काही मिनिटांत मागे पडू लागला. वेळ वाचला ते चांगलेच झाले. पण वाचलेल्या वेळात आपण एकमेकांशी बोलतो की नाही, हे ज्याने त्याने पाहावे. खेळ वाईट नाही. खेळापायी जेवण थंड होते, आजीचा प्रश्न ऐकू येत नाही, अभ्यास राहतो, तेव्हा धनुष्य सैल सोडता सोडता त्याची दोरीच हरवली असे समजावे.

मग उत्तर पाहिले तर?

आता मुख्य प्रश्न. बर्नार्ड सूट्स नावाच्या कॅनडातील तत्त्वज्ञाने 1978 साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा आशय असा, की खेळ म्हणजे ज्या अडथळ्यांची काहीच गरज नाही ते अडथळे आपखुशीने पत्करून पार करणे. गोल्फचा चेंडू भोकात टाकायचा एवढेच हवे असेल तर हाताने नेऊन टाकता येतो. तरी माणूस लांब काठी घेतो, दूर उभा राहतो आणि मारत बसतो. का? कारण त्याला भोकात पडलेला चेंडू नको आहे. त्याला तो *तशा रीतीने* पडलेला हवा आहे.

याच मापाने आपला प्रश्न मोजू. 'सावली' हा शब्द काही दुर्मीळ नाही. शब्दकोशात आहे, रोजच्या बोलण्यात आहे. त्या शब्दाची किंमत शून्य. किंमत आहे ती शोधण्याला. म्हणून ज्याने उत्तर आधी पाहिले, त्याने खेळात लबाडी केली असे म्हणण्यापेक्षा तो खेळलाच नाही असे म्हणणे अधिक अचूक. त्याच्या हाती उत्तर आले, पण कोडे सुटले नाही.

शास्त्ते ग्रंथाच्या 14व्या अध्यायात शमशोनाची गोष्ट आहे. तिम्ना गावी लग्नाच्या मेजवानीत त्याने तीस पाहुण्यांना कोडे घातले. मुदत सात दिवसांची, आणि पैज तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाखांची. पाहुण्यांना उत्तर सुचेना. तेव्हा त्यांनी नववधूला धमकावले, की उत्तर काढून दे, नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला आग लावू. ती बिचारी रडून रडून नवऱ्याकडून उत्तर काढते. सातव्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी पाहुणे ऐटीत उत्तर सांगतात. आता नीट पाहा. उत्तर शंभर टक्के बरोबर होते. एका अक्षराचीही चूक नव्हती. तरीही शमशोनाने ताडले, की हे तुमचे नव्हे. पुढे पैज फेडण्यासाठी अश्कलोनमध्ये तीस माणसे मारली गेली, लग्न मोडले आणि ज्या घराला वाचवण्यासाठी ती मुलगी रडली होती, ते घर शेवटी जळालेच. बरोबर उत्तर आणि खरे उत्तर यांत अंतर असू शकते, हे या कथेइतके कठोरपणे क्वचितच कुठे सांगितले असेल.

पण इथे आपण न्याय नीट तोलू या. तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

पहिली गोष्ट: प्रयत्न केला, थकलो, आणि उत्तर पाहिले. यात काहीही वाईट नाही. आपण खेळ सोडला, एवढाच त्याचा अर्थ. आजोबांनी वर्तमानपत्रातले शब्दकोडे अर्धे सोडवून उद्याच्या अंकातल्या उत्तराची वाट पाहिली, तर त्यांनी कुणाला फसवले?

दुसरी गोष्ट: नातवाला विचारले, सुनेला विचारले, चौघांनी मिळून सोडवले. यातही काही वाईट नाही. उलट हा खेळ अधिक गोड झाला. अट एकच, की 'आम्ही मिळून सोडवले' असे म्हणावे.

तिसरी गोष्ट: उत्तर आधी पाहिले आणि 'मी शोधले' म्हणून चौकटी सर्वांना पाठवल्या. इथे मात्र खेळ संपला आणि बोलणे सुरू झाले. रंगीत चौकटी म्हणजेही शब्दच आहेत. त्या सांगतात, 'माझे मन या वाटेने गेले.' संत ऑगस्टीन यांनी इ.स. 395च्या सुमारास असत्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातला विचार असा, की खोटे बोलणाऱ्याचे हृदय दुहेरी असते, मनात एक आणि ओठांवर दुसरे. त्यांनी व्याख्येत नुकसानीची अट मुख्य मानली नाही. खोटे हे आधी बोलणाऱ्याच्या आत घडते, ऐकणाऱ्याचे नुकसान नंतर होते किंवा होतही नाही.

कुणी म्हणेल, 'फादर, मी कुणालाच पाठवत नाही. उत्तर पाहतो, चौकटीत भरतो, आणि माझी दोनशे दिवसांची साखळी अखंड ठेवतो. मग?' हा सगळ्यांत मजेशीर प्रकार. इथे फसवणारा आणि फसणारा एकच. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1797 साली लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथात असत्याला माणसाच्या *स्वतःविषयीच्या* कर्तव्याचा भंग म्हटले आहे. आम्हाला त्यांच्या सगळ्याच कठोरपणाशी सहमत होता येत नाही. परंतु या एका ठिकाणी त्यांचे म्हणणे पटते. ज्याला ठाऊक आहे की आकडा पोकळ आहे आणि तरीही जो तो आकडा पाहून सुखावतो, तो एक सवय लावून घेतो आहे. खूण आपल्या हाती ठेवायची आणि ती खूण ज्याची आहे ती वस्तू सोडून द्यायची, ही ती सवय. आज ती खेळात आहे. उद्या ती हजेरीपटात येते, प्रगतिपुस्तकात येते, ग्रामसभेच्या इतिवृत्तात येते. पायरीवर सही आहे, पण कामाला कुणी गेलेच नव्हते!

हे पाप किती मोठे, असे विचाराल तर आम्ही म्हणू, की राईएवढे. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. परंतु मोहरीचा दाणा किती वाढतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

खूण खरी का असावी?

'पण बाबा, त्या चौकटींना एवढे महत्त्व कोण देतो?' असे अजूनही कुणाच्या मनात असेल. म्हणून एक खरी घटना सांगतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत शिकागो शहराजवळ ऐंशी वर्षांची एक स्त्री घरी एकटी राहत होती. रात्री एक अनोळखी माणूस घरात शिरला आणि त्याने तिला तळघरातल्या एका खोलीत कोंडून ठेवले. फोन करायचा मार्ग नव्हता. तिची मुलगी दूर सिएटल शहरात होती. आई रोज सकाळी त्या शब्दखेळाचा निकाल मुलीला पाठवत असे. त्या दिवशी आला नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मुलीला शंका आली, चौकशी सुरू झाली, पोलीस घरी पोहोचले आणि ती आई सुखरूप बाहेर आली.

या घटनेकडे आपल्या गावातून पाहा. कशेडीच्या आसपासच्या वाड्यांमधली किती घरे आज वर्षातून दोनदा उघडतात? गणपतीला आणि मे महिन्यात. बाकीचे दिवस ओटीवर एक म्हातारा किंवा म्हातारी, आणि मुले मुंबईत, ठाण्यात, सुरतेत, आखातात. 2021च्या जुलै महिन्यात महाड पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळून 80हून अधिक माणसे गेली, आपल्या पोलादपूर तालुक्यातही डोंगर खाली आले. त्या दिवसांत वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मुंबईत बसलेली मुले नुसत्या एका खुणेची वाट पाहत होती. 'आहे' एवढे कळले तरी पुरे होते.

ज्या घरांत आई गावाला आणि लेक मुंबईला अशी विभागणी आहे, तिथे रोजची छोटी निरोपानिरोपी ही शोभेची वस्तू नव्हे. त्या हिरव्या-पिवळ्या चौकटी म्हणजे 'आज उठले, चहा घेतला, डोके ठिकाणावर आहे' असे सांगणे असते. आईला नेहमी चार-पाच प्रयत्न लागतात आणि आठवडाभर एकही सुटेना, तर लेकीला काहीतरी कळते. दृष्टी मंदावली का? औषध चुकले का? पण हे केव्हा कळेल? खूण खरी असेल तेव्हाच. आईने लाजेखातर शेजारच्या पोराकडून उत्तर घेऊन 'तीन प्रयत्न' असे पाठवले, तर लेकीच्या हाती एक सुंदर खोटी खूण राहील आणि आई मात्र तिच्या हातून निसटेल.

म्हणून 'नुकसान कुणाचे?' या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. नुकसान आज दिसत नाही, कारण आज त्या खुणेवर कुणाला उभे राहावे लागलेले नाही. ज्या दिवशी उभे राहावे लागेल, त्या दिवशी ती खरी आहे की नाही हे ठरवायला उशीर झालेला असेल. पुलाचे लोखंड पूर आल्यावर बदलता येत नाही. सावित्रीकाठच्या माणसांना हे 2016 सालापासून चांगलेच ठाऊक आहे.

दुसऱ्याचे कुलूप

या खेळाची आणखी एक बाजू आहे आणि ती तरुणांनी विशेष लक्षात घ्यावी. गुप्त शब्द फोडण्यात मौज आहे. मग दुसऱ्याच्या मोबाइलचे कुलूप फोडण्यात काय वाईट? बहिणीचा पासवर्ड ओळखला, मित्राचे निरोप वाचले, बायकोने नवऱ्याचा आणि नवऱ्याने बायकोचा फोन चोरून पाहिला. बुद्धी तीच, युक्ती तीच.

फरक एका शब्दात सांगता येतो: आमंत्रण. कोडे घालणारा लपवतो ते सापडावे म्हणून. तुम्ही हरलात तर त्यालाही थोडे वाईट वाटते. म्हणून तर तो हिरवी-पिवळी खूण देतो, वाट दाखवतो. पण माणूस आपले मन झाकतो ते शोधले जावे म्हणून नव्हे. त्या दारावर आमंत्रण नसते. ते दार आतून उघडते, विश्वासाने, त्याच्या वेळेला.

आपल्या मराठी इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने 'लीळाचरित्रा'सारखे आपले ग्रंथ 'सकळ' नावाच्या सांकेतिक लिपीत जतन केले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे, अशी ती रीत. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जायची. शेकडो वर्षे बाहेरच्या जगाला त्यातले काही वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा सर्वांत जुना ठेवा महाराष्ट्रासमोर आला. इथे दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे आहे. झाकून ठेवणाऱ्यांना जपणूक हवी होती, आणि ती त्यांनी केली. पण बाहेरच्यांनी मधल्या काळात काय केले? जे वाचता येत नव्हते त्याविषयी वाटेल ते तर्क लढवले. पंथाविषयी कितीतरी गैरसमज पसरले. न उघडलेल्या पोथीवर लोकांनी आपल्याच मनातला मजकूर वाचला.

आपणही हेच करत नाही का? शेजारच्या घरात दिवे उशिरापर्यंत जळतात. कुणाची मुलगी मुंबईहून अचानक परत आली. कुणी दोन रविवार मिस्सेला दिसले नाही. आपल्या हाती एक-दोन अक्षरे येतात आणि बाकीचा शब्द आपण स्वतःच भरून मोकळे होतो. नळावर, दुकानाच्या फळीवर, बसस्टॉपवर तो शब्द पक्का होतो. गंमत अशी, की खेळात सहा प्रयत्नांनंतरही शब्द सापडला नाही तर आपण मान्य करतो, की आपल्याला ठाऊक नाही. माणसाच्या बाबतीत मात्र पहिल्याच प्रयत्नात आपली खात्री पटलेली असते!

आईवडील विचारतील, की लहान मुलाचा फोन आम्ही पाहू नये का? पाहावा. अजाण मुलाच्या रक्षणाची जबाबदारी तुमच्यावर आहे. पण त्याला सांगून पाहावा, चोरून नव्हे. लपून पाहणारा बाप मुलाला सुरक्षितता शिकवत नाही, तो त्याला अधिक चांगले कुलूप लावायला शिकवतो.

चुकण्याचे मोल

शेवटी, सुरुवातीला म्हटलेल्या मर्माकडे येतो. 'कविता', 'नवरा', 'पावली' या तीन चुकांशिवाय 'सावली' मिळाली नसती. याच जातीचा 'मास्टरमाइंड' नावाचा रंगीत खुंट्यांचा जुना खेळ आहे. सहा रंग, चार जागा, म्हणजे 1296 शक्यता. डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने 1977 साली दाखवून दिले, की नीट विचार करून खेळले तर जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत उत्तर मिळतेच. 1296 वाटांमधून पाच पावलांत पोहोचणे कशाने शक्य होते? हुशारीने, हे खरे. पण त्याहून अधिक एका साध्या सवयीने. 'चूक' असे उत्तर आले की ते ऐकायचे. करडी चौकट पाहून रागवायचे नाही, तोच शब्द पुन्हा दामटायचा नाही, समोरच्याशी वाद घालायचा नाही. आपला अंदाज बाजूला ठेवून पुढचा घ्यायचा.

उत्तर आधी पाहणाऱ्याला हेच मिळत नाही. त्याला कधी 'नाही' ऐकावे लागत नाही. आम्हाला वाटते, की या खेळातली खरी कमाई शब्द नव्हे. ती आहे दिवसातून चार-पाच वेळा, काहीही न गमावता, 'माझे चुकले, आता दुसरा विचार करतो' असे मनाला म्हणायला लावणे. संसारात, जमिनीच्या वाटणीत, सासू-सुनेच्या बोलण्यात हे वाक्य किती जड जाते, हे आपल्यापैकी प्रत्येक जण जाणतो. खेळात ते हलके असते. हलक्या वजनाने सवय झाली, तर जड वजन उचलताना कंबर धरत नाही.

तेव्हा या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवतो. खेळा, पण जेवणाच्या ताटाबाहेर. हरलात तर हरलो म्हणून कळवा. गावाकडच्या आईला तुमच्या विजयापेक्षा तुमचा रोजचा निरोप अधिक प्रिय आहे. आणि ज्याच्याविषयी तुम्ही अर्धी अक्षरे जाणून पूर्ण शब्द ठरवून टाकला आहे, अशा एका माणसाच्या घरी जा, ओटीवर बसा, आणि तो स्वतः काय सांगतो ते ऐका. कदाचित तुमचा पहिला अंदाज चुकलेला असेल. चहा घ्या आणि पुढचा अंदाज करायची घाई करू नका.

प्रभू आपणां सर्वांना सांभाळो.

आपले,
धर्मगुरू